बस्ता आणि आयोवा

सुशीलच्या मुलाच्या, अंकितच्या लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, दोन्ही घरची माणसं इतवारीतल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर जमली, तेव्हा सुशीलनं व्याह्यांना पहिली बातमी दिली ती पुतणीची. साड्यांचे गठ्ठे अजून सुटले नव्हते. दुकानातला पोरगा नुकताच पाण्याचे ग्लास ठेवून गेला होता.

"आमची उन्नती न्यूयॉर्कले चालली," सुशील म्हणाला. "पीएचडी कराले. इकॉनॉमिक्समध्ये."

नत्थूजी, म्हणजे अंकितचे होणारे सासरे, काटोलचे संत्र्याचे बागायतदार. त्यांनी गादीवर मांडी सावरली आणि उन्नतीकडे कौतुकानं पाहिलं. आपल्या गावचा एक मुलगा कॅनडात ट्रक चालवतो, पण शिकायला इतक्या लांब कोणी गेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. सुशीलची छाती आणखी थोडी फुगली. कळमन्याला त्याची दालमिल होती, व्यापारी मंडळात शब्द होता, आणि आता घरात न्यूयॉर्कही होतं.

उन्नती आईजवळ बसली होती. मोठेबाबांनी हे परस्पर जाहीर केलेलं ऐकून तिला राग आला नाही, थोडं हसूच आलं. तिनं अजून कुठलंच विद्यापीठ निवडलं नव्हतं. उत्तर कळवायला परवापर्यंतची मुदत होती.

तिच्या हातात तीन जागा होत्या. एक न्यूयॉर्कची, एक आयोवाची आणि एक दिल्लीच्या संस्थेची. अमेरिकेतल्या पहिल्या विसांत गणल्या जाणाऱ्या विद्यापीठांनी तिला नकार दिला होता आणि त्याचं दुःख तिनं एका आठवड्यात आटोपलं होतं. उरलेली दोन्ही यादीत मधोमध होती. फी माफ होती, जगण्यापुरतं विद्यावेतन होतं. नावावरून निवडायचं तर न्यूयॉर्क थोडं वर होतं. पण उन्नतीला नावापेक्षा एका प्रश्नाची ओढ होती. कळमन्याच्या धान्यबाजारात तुरीचा भाव पडला की तो उमरेडच्या बाजारात त्याच दिवशी पडतो. वाढला की मात्र तितक्या लवकर वाढत नाही. असं का होतं आणि हा मधला वेळ कोणाच्या हातात असतो, हे तिला शोधायचं होतं. पुण्यात एम.ए. करताना सुरू झालेला हा प्रश्न हैदराबादच्या नोकरीतही तिच्या डोक्यातून गेला नव्हता. आयोवातले प्रोफेसर लिंडक्विस्ट आयुष्यभर नेमकं हेच करत आले होते, मक्याच्या भावांवर.

"न्यूयॉर्कचं अजून पक्कं नाही, मोठेबाबा," ती म्हणाली. "आयोवाचं पण आहे."

"ते आहे, पण सांगाले न्यूयॉर्क बरं आहे," सुशील नत्थूजींकडे वळून म्हणाला, आणि दुकानदारानं पहिली साडी झटकन् पसरली.

*

सोनिकाला साड्यांत लक्ष नव्हतं. ती सुशील आणि दुर्गेशची धाकटी बहीण, सदरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी. मागणी-पुरवठ्याची पहिली आकृती उन्नतीला तिनंच काढून दाखवली होती, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, खडूनं. गेले दोन महिने ती आयोवाच्या बाजूनं एकटी लढत होती. पीएचडी विद्यापीठाकडे बघून करायची नसते, मार्गदर्शकाकडे बघून करायची असते, हे ती मोठ्या भावाला पुन्हा पुन्हा सांगत आली होती. तिचं स्वतःचं संशोधन अर्ध्यावर राहिलं होतं. नाव नोंदवून तीन वर्षं झाल्यावर तिच्या मार्गदर्शकांची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि काम तिथंच थांबलं. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

धाकटा भाऊ दुर्गेश, उन्नतीचा बाप, भिंतीला टेकून बसला होता. इतवारीतलं धान्याचं दुकान तो वडिलांसोबत चालवत असे. दिवाळीत त्याच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून उन्नती हैदराबादची नोकरी सोडून नागपूरलाच होती. तो या वादात कधी पडत नसे. पण दिल्लीचं नाव निघालं की त्याचा चेहरा उजळतो, हे सोनिकानं हेरलं होतं. दिल्लीला रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचता येतं.

नवरीची पैठणी काढायला सांगून झाली होती. नत्थूजींच्या घरच्या बायका हिरव्या आणि मोरपंखी रंगांत अडकल्या होत्या. तेवढ्यात उन्नतीच्या फोनवर मेल आला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोन आत्याच्या हातात दिला.

लिंडक्विस्ट यांचाच मेल होता. आपण उन्हाळ्यात आयोवा सोडून दुसऱ्या विद्यापीठात जात आहोत, तुमची मुदत संपण्याआधी हे तुम्हाला कळायला हवं, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं.

सोनिकानं मेल शेवटपर्यंत वाचला. वीस वर्षांपूर्वीचं ऑफिस, कुलूपबंद केबिन आणि दारावरची उतरवलेली पाटी तिच्यासमोर उभी राहिली. तिनं फोन परत दिला आणि एका क्षणात बाजू बदलली.

"न्यूयॉर्क घे," ती म्हणाली.

उन्नतीनं तिच्याकडे पाहिलं. "आत्या, काल तर तुम्ही—"

"कालची गोष्ट वेगळी होती. आयोवात आता काय राह्यलं? माणूसच चालला. निदान नाव तरी घेऊन ये."

सुशीलला नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण बहीण आपल्या बाजूला आली एवढं कळलं. त्यानं ते लगेच नत्थूजींना ऐकवलं, की घरात प्रोफेसर आहे तीसुद्धा न्यूयॉर्कच म्हणते. आता प्रश्न मिटला. उन्नती शांतपणे म्हणाली की न्यूयॉर्कमध्ये तिच्या विषयावर काम करणारं कोणी नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत किती जण गळतात, हे तिनं तिथल्या ऑफिसला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं.

"मंग दिल्ली घे," दुर्गेश भिंतीजवळून बोलला. तो कधी नव्हे ते बोलला म्हणून सगळे थांबले. "दिल्लीही वाईट नाही म्हणे."

सोनिकाच्या तोंडून ते निघून गेलं. तिला थांबवता आलं नाही. "दिल्ली ती कोणासाठी ठेवून आहे, माहीत आहे का दादा तुले? तुह्यासाठी. तिथं तिच्या कामाचं काही नाही. तुले काही झालं तर रातोरात येता यावं, एवढ्यासाठी."

छायानं, उन्नतीच्या आईनं, डोळे मिटून घेतले. तिला हे माहीत होतं. दुर्गेश उठला, त्यानं चपला शोधल्या आणि तो जिना उतरून गेला.

*

गल्लीत ऊन आणि हातगाड्या यांची दाटी होती. दुर्गेश समोरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसला. छातीत काही दुखत नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला होता, आणि राग नीट कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. दिल्लीचं नाव निघालं की आपण खूश होतो, हे पोरगी बघत होती. बघून गप्प राहिली. तो चरकाच्या घुंगरांकडे बघत बसला.

उन्नती येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिनं एक रस बर्फाशिवाय सांगितला, एक बर्फ घालून.

"सोनिका खरं बोलली का?" त्यानं विचारलं.

"हो."

"दिल्लीत तुह्या कामाचं कोणी नाही?"

"तिथली माणसं चांगली आहेत, बाबा. पण माह्या विषयाचं कोणी नाही."

"मंग काहून ठेवलं?"

उन्नतीनं ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही. दिवाळीत तो आयसीयूत होता तेव्हा ती हैदराबादला होती. विमानाचं तिकीट मिळून पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, आणि ऑपरेशनच्या कागदावर आईनं एकटीनं सही केली होती. हे सगळं दोघांना ठाऊक होतं, म्हणून ती तेवढंच बोलली जेवढं अजून बोललं गेलं नव्हतं.

"हैदराबादहून मले वेळेवर येता आलं नाही. अमेरिकेहून कशी येईन?"

दुर्गेशनं खोटा दिलासा दिला नाही. "नाही येता येणार," तो म्हणाला. "तू येशीन तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं राहीन. ते मलेही समजते." बिनबर्फाचा रस त्यानं अर्धा संपवला. "पण तू माह्यासाठी दिल्लीत बसली, आणि मी वीस वर्षं जगलो, तर? वीस वर्षं मी रोज सकाळी हेच पाहू का, की पोरगी माह्यापायी इथं थांबली? डॉक्टरनं स्टेंट माह्या छातीत टाकला उन्नती. तुह्या पायात काही टाकाले सांगतलं नाही त्यानं."

तिला रडू येईल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. मान हलवून म्हणाली, "बरं. दिल्ली नाही."

"आयोवाचं काय?"

"लिंडक्विस्ट चालले. त्याईच्यासाठीच जात होते मी."

"ते तू पाहा. त्यातलं मले कळत नाही. मी फक्त माह्यापुरतं बोललो."

ते वर गेले तेव्हा सुशील आणि सोनिका एका बाजूला झाले होते आणि न्यूयॉर्कला हो कळवायचा मजकूर कसा असावा इथपर्यंत पोचले होते. सुशीलनं शेवटी वडिलांना गाठलं. मारोतराव ऐंशीच्या घरातले, सगळ्यांचे आबाजी. ते इतका वेळ फक्त सुती धोतरांचा पोत बोटांनी पाहत होते. तुम्हीच निकाल द्या, असं सुशीलनं म्हटल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना न्यूयॉर्क आवडतं. नाव ऐकलेलं आहे. आयोवा ऐकलेलं नाही.

"पण मी कुठं तिथं राहाले चाललो," ते म्हणाले आणि पुन्हा धोतराकडे वळले.

तेव्हा छाया बोलली. सासरे आणि थोरले दीर समोर असताना ती फारसं बोलत नसे. आज ती मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत तिले कोणी काही सांगू नका. तिनं शोधलं, तीच ठरवीन." नत्थूजींच्या बायकोनं कौतुकानं मान डोलावली आणि नवरीसाठी मोरपंखी पैठणी पक्की झाली.

*

त्या संध्याकाळी उन्नतीनं दोन मेल लिहिले. पहिला लिंडक्विस्टना. जाताय हे वेळेत कळवल्याबद्दल आभार मानले आणि मग एकच प्रश्न विचारला: तुमचा स्वतःचा विद्यार्थी मागे राहणार असेल तर त्याला तुम्ही कोणाकडे सोपवाल? दुसरा मेल सेलामला. ती इथिओपियाची, आयोवात पाचव्या वर्षाला, तिळाच्या बाजारांवर काम करणारी. उन्नती आधी तिच्याशी एकदा बोलली होती.

सकाळी लिंडक्विस्टचं उत्तर आलेलं होतं. त्यांनी दोन नावं दिली होती आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळींत कारणं. एक जण धान्यसाठवणुकीवर काम करणारे, दुसरी गेल्याच वर्षी रुजू झालेली तरुण प्राध्यापिका, नाशवंत मालाच्या व्यापारावर लिहिणारी. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की खरं सांगायचं तर त्यांचे विद्यार्थी अडले की गेलं वर्षभर या दोघांकडेच जात आले आहेत.

सेलामचा फोन नाश्त्याच्या वेळी आला, तिच्याकडे रात्र झाली होती. उन्नतीनं काहीही आडपडदा न ठेवता विचारलं. किती जण गळतात? सेलामच्या तुकडीत एक सोडून सगळे परीक्षा पास झाले होते, कारण वरच्या वर्षाचे विद्यार्थी उन्हाळाभर खालच्यांबरोबर बसतात, तशी तिथली पद्धतच आहे. पीएचडी करून लोक जातात कुठं? कोणी छोट्या कॉलेजात शिकवतं, कोणी सरकारी कृषी खात्यात आहे, एक नैरोबीला गेली. कोणी प्रसिद्ध झालेलं नाही. लिंडक्विस्ट गेल्यामुळे तुझं काम अडेल का? सेलाम म्हणाली की तिला वाईट वाटतंय, पण अडणार नाही, ते तिच्या समितीवर लांबून राहणार आहेत. उन्नती त्यांच्यासाठी येणार असेल तर तिनं येऊ नये. तिच्या प्रश्नासाठी येणार असेल तर यावं.

पश्चात्ताप होतो का, असं शेवटी उन्नतीनं विचारलं. सेलाम हसली. दर जानेवारीत होतो, म्हणाली, बर्फात गाडी शोधताना. इतर वेळी नाही.

फोन ठेवल्यावर उन्नतीला वाटलं की आपण घाबरायला हवं होतं आणि आपण घाबरलेलो नाही. तिनं लॅपटॉप उघडला. छाया पोळ्या लाटत होती. उन्नतीनं तिला नुसतं "आई, आयोवा," असं सांगितलं. छायानं पिठाचे हात तसेच ठेवून मागं येऊन पाहिलं आणि उन्नतीनं बटण दाबलं. मग न्यूयॉर्कला आणि दिल्लीला नम्रपणे नाही कळवलं. दोघींनी चहा घेतला.

*

सुशीलला ती सांगायला स्वतः मिलवर गेली, दुर्गेशच्या स्कूटरवर मागं बसून. मशीनच्या आवाजात सुशीलला आधी ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते केबिनमध्ये परत सांगावं लागलं. सुशील खुर्चीत मागं रेलला. त्याला नाराजी लपवता येत नसे. काल व्याह्यांसमोर, दुकानदारासमोर त्यानं न्यूयॉर्क म्हटलं होतं. त्याआधी मंडळाच्या सभेतही म्हटलं होतं. आता आयोवा म्हटलं तर लोक विचारतील, कुठं आलं ते.

"काय आहे तिथं?" त्यानं विचारलं.

"मका," उन्नती म्हणाली. "सोयाबीन. धान्याचे मोठमोठे साठे, आणि भावांवर काम करणारी माणसं. मोठेबाबा, कळमन्यावर लिहायचं तर न्यूयॉर्कमध्ये ते वाचून मले चुका दाखवणारं कोणी नाही. तिथं आहे."

सुशीलनं दुर्गेशकडे पाहिलं. दुर्गेश पोरीच्या बाजूला उभा होता, आणि ते सुशीलला दिसलं. या भावानं जन्मात कधी त्याच्याविरुद्ध बाजू घेतली नव्हती. सुशील थोडा वेळ टेबलावरचे तुरीचे दाणे बोटानं ढकलत राहिला. मग त्यानं फोन उचलला आणि उन्नतीसमोरच नत्थूजींना लावला.

"व्याहीबुवा, काल मी न्यूयॉर्क म्हटलं. ते नाही. पोरीनं आयोवा घेतलं." पलीकडून काही विचारलं गेलं. सुशीलचा आवाज हळूहळू पहिल्यासारखा झाला. "आयोवा म्हणजे अमेरिकेचं कळमना समजा. सारा मका तिथून निघते. नाही नाही, न्यूयॉर्कवाले बोलावूनच राह्यले होते, हिनंच नाही म्हटलं." फोन ठेवून तो उन्नतीला म्हणाला, "आता मंडळात काय सांगायचं तेही लिहून दे." पण तो हसत होता.

*

सोनिका फोन उचलत नव्हती. दुपारी उन्नती सदरला तिच्या कॉलेजात गेली. स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता आणि सोनिका एकटी उत्तरपत्रिका तपासत होती.

"हो म्हणून कळवलं," उन्नती म्हणाली. "आयोवाले."

सोनिकानं पेन खाली ठेवलं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. मार्गदर्शक गेल्यावर काय होतं, कोणी ओळख देत नाही, फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते कळत नाही, आणि एक दिवस आपणच जाणं सोडून देतो. उन्नतीनं मध्ये तोंड घातलं नाही. आत्याचं बोलून झाल्यावर तिनं लिंडक्विस्टचं उत्तर दाखवलं. सोनिकानं चष्मा चढवून ते सावकाश वाचलं. दोन नावं, त्याखालची कारणं.

"हे त्यानं आपणहून लिहिलं?"

"मी विचारलं."

"असं विचारलं? की तुमचा विद्यार्थी कोणाकडे द्याल म्हणून?"

"हो."

सोनिकानं उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाहेर मुलं व्हरांड्यातून जात होती.

"आत्या, तुमचे सर गेले तेव्हा तुम्ही विचारलं होतं का?"

"नाही," सोनिका म्हणाली. मग चष्मा काढून म्हणाली, "हे विचारता येते, हेच मले माहीत नव्हतं वं."

उन्नतीनं तिचा हात धरला. सोनिकानं तो धरू दिला. घंटा झाली तेव्हा तिनं चेहरा पुसला, पर्स उचलली आणि दारातून मागं वळून पाहिलं.

"चाल माह्यासंगं."

परीक्षेच्या आधीचा जादा तास होता. वर्ग अर्धा भरलेला. सोनिकानं फळ्यावर काही लिहिलं नाही. ही माझी भाची उन्नती, ऑगस्टमध्ये अर्थशास्त्रात पीएचडी करायला अमेरिकेत आयोवाला चालली आहे, असं तिनं मुलांना सांगितलं. आणि आज शिकवणं नाही, हिला काय विचारायचं ते विचारा. मग ती स्वतः पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसली.

कोणाला इंग्रजीत विचारावं की मराठीत ते कळेना. शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीनं अर्धवट हात वर केला.

"मॅडम, तिथं मराठी मीडियमवाल्यांना घेतात का?"

"घेतात," उन्नती म्हणाली. "मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. अजून विचारा."

मागच्या बाकावरून दुसरा हात वर झाला, मग आणखी एक. आणि पहिल्या बाकावरून, मुलींच्या मधून, सोनिकाचाही.